रिचर्ड पहिला, इंग्लंड

रिचर्ड पहिला (८ सप्टेंबर, इ.स. ११५७ - ६ एप्रिल, इ.स. ११९९) हा इ.स. ११८९ पासून मृत्यूपर्यंत इंग्लंडचा राजा होता. तो प्लांटाजेनेट घराण्यातील दुसऱ्या हेन्रीचा मुलगा. नॉर्मंडी व अ‍ॅक्विटेन या डचींचा ड्यूक आणि आंजूचा काउंट या नात्याने आजच्या फ्रान्सचा पश्चिमेकडील मोठा भागही त्याच्या ताब्यात होता. तिसऱ्या धर्मयुद्धातील एक प्रमुख ख्रिस्ती सेनानी म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या शौर्यामुळे त्याला सिंहहृदयी हे विशेषण मिळाले व ते नावासारखेच रूढ झाले.

युरोपात शिशाचे आणि प्लास्टिकचे शिपाई बनवणाऱ्यांनी व जमवणाऱ्यांनी ज्या मध्ययुगीन व्यक्तीच्या मूर्तिका वारंवार घडवल्या, तिच्यात रिचर्डचा क्रमांक फार वरचा आहे. झगझगीत पोलादी चिलखत, पांढऱ्या अंगरख्यावर लाल क्रूस, ढालीवर तीन सोनेरी सिंह आणि पांढरा घोडा असे त्याचे रूप ठरून गेले आहे. समकालीन पुराव्याशी ताडून पाहता या रूपातील बऱ्याच गोष्टी नंतरच्या शतकांतून आलेल्या दिसतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे, कारण हे रूप ठाऊक असलेल्या अनेकांना त्यामागचा माणूस ठाऊक नसतो.

पूर्वायुष्य

रिचर्डचा जन्म ऑक्सफर्ड येथे झाला. त्याची आई एलिनोर ही अ‍ॅक्विटेनच्या विस्तीर्ण डचीची वारसदार होती. हेन्रीशी विवाह करण्यापूर्वी ती फ्रान्सच्या सातव्या लुईची राणी होती आणि दुसऱ्या धर्मयुद्धात त्याच्यासोबत पूर्वेकडे जाऊन आली होती. थोरला भाऊ विल्यम बालपणीच वारला. त्यामुळे हेन्री (हा तरुण राजा म्हणून ओळखला जाई), रिचर्ड, जेफ्री आणि जॉन असे चार भाऊ उरले. त्यांपैकी रिचर्ड आईचा वारस ठरला व इ.स. ११७२ मध्ये विधिपूर्वक अ‍ॅक्विटेनचा ड्यूक झाला.

त्याची जडणघडण दक्षिण फ्रान्समध्ये झाली. फ्रेंच व ऑक्सितान या त्याच्या नित्याच्या भाषा होत्या आणि लॅटिनही त्याला येत असे. या दोन्ही देशी भाषांतील काव्यपरंपरेशी त्याचा जवळचा संबंध होता व त्याने स्वतः रचलेली गीते आजही उपलब्ध आहेत. इंग्लंडचा राष्ट्रीय वीर म्हणून मिरवलेल्या या राजाचा इंग्लिश भाषेशी जेमतेमच संबंध असावा.

इ.स. ११७३ मध्ये तिघा थोरल्या भावांनी बापाविरुद्ध बंड केले. त्याला एलिनोरची फूस आणि फ्रान्सच्या राजाचे पाठबळ होते. पुढच्या वर्षी बंड मोडले. मुलांना क्षमा मिळाली, पण एलिनोरला नवऱ्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ १५ वर्षे, नजरकैदेत राहावे लागले. पुढील काळात रिचर्डने अ‍ॅक्विटेनमधील उद्दाम सरदारांना वठणीवर आणण्याचे काम केले. इ.स. ११७९ मध्ये त्याने अजिंक्य समजला जाणारा तायबूरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याचे वय २१ वर्षे होते. किल्ले घेण्यातील त्याचे कसब येथेच प्रथम दिसले. त्याच्या कठोरपणाच्या तक्रारीही याच काळापासून सुरू होतात.

इ.स. ११८३ मध्ये तरुण राजा हेन्री तापाने वारला आणि रिचर्ड गादीचा वारस झाला. अ‍ॅक्विटेन धाकट्या जॉनला द्यावे असे वडिलांच्या मनात आले, त्याला रिचर्डने साफ नकार दिला. हा बेबनाव अखेरपर्यंत टिकला. इ.स. ११८९ च्या उन्हाळ्यात रिचर्ड व फ्रान्सचा दुसरा फिलिप यांनी मिळून आजारी हेन्रीचा पाठलाग केला. ल मान्स येथून माघार घेताना हेन्रीचा निष्ठावंत सरदार विल्यम मार्शल मागे वळला आणि रिचर्डच्या समोर आला. रिचर्डच्या अंगात त्या वेळी चिलखत नव्हते. मार्शलने त्याला न मारता त्याचा घोडा मारला व पाठलाग थांबवला. ६ जुलै, इ.स. ११८९ रोजी शिनों येथे हेन्रीचे निधन झाले. राजा झाल्यावर रिचर्डने मार्शलवर राग धरला नाही. उलट त्याला सेवेत घेतले आणि त्याचा विवाह एका मोठ्या जहागिरीच्या वारसदारणीशी लावून दिला. माणसांची पारख हा रिचर्डचा गुण होता आणि त्याची साक्ष या प्रसंगात मिळते.

राज्याभिषेक आणि मोहिमेची तयारी

४ जुलै, इ.स. ११८७ रोजी हत्तीनच्या लढाईत सुलतान सलाउद्दीनने जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याची सेना बुडवली आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम शहर त्याच्या स्वाधीन झाले. ही बातमी पोहोचताच नोव्हेंबरमध्ये तूर येथे रिचर्डने धर्मयुद्धाची शपथ घेतली व अंगरख्यावर क्रूस लावला. त्यासाठी त्याने वडिलांची परवानगी घेतली नव्हती. जानेवारी, इ.स. ११८८ मध्ये जिझोर येथील भेटीत हेन्री आणि फिलिप यांनीही शपथ घेतली. पाठोपाठ उत्पन्नाच्या व जंगम मालमत्तेच्या दहाव्या हिश्शाचा कर बसवण्यात आला. त्याला सलाउद्दीन दशांश हे नाव पडले.

रिचर्डचा राज्याभिषेक ३ सप्टेंबर, इ.स. ११८९ रोजी वेस्टमिन्स्टर येथे झाला. त्या दिवशी नजराणे घेऊन आलेल्या ज्यूंना दारातून हाकलण्यात आले आणि त्यातून लंडनमध्ये ज्यूंची कत्तल व घरांची जाळपोळ झाली. राजाने काही जणांना शिक्षा केली. ती फारच अपुरी होती. तो इंग्लंड सोडून गेल्यावर हिंसाचार इतर शहरांत पसरला. मार्च, इ.स. ११९० मध्ये यॉर्कच्या किल्ल्याच्या बुरुजात आश्रय घेतलेल्या ज्यू कुटुंबांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा मरण पत्करले. जे बाहेर आले त्यांना ठार करण्यात आले. सावकारांकडील कर्जाचे कागद त्याच वेळी जाळले गेले, यावरून धर्मवेडाच्या आड आणखी कोणते हेतू होते ते कळते. रिचर्डच्या कारकिर्दीचे वर्णन करताना हा भाग अनेकदा एका ओळीत उरकला जातो.

मोहिमेसाठी पैसा उभा करण्याकरिता त्याने अधिकारपदे, हक्क व जमिनी यांची जवळजवळ विक्रीच मांडली. स्कॉटलंडच्या राजाने १०,००० मार्क देऊन इंग्लंडचे अधिपत्य दूर करून घेतले. हा व्यवहार डिसेंबर, इ.स. ११८९ मध्ये झाला. त्यानंतर लगेच रिचर्डने इंग्लंड सोडले. दहा वर्षांच्या कारकिर्दीत तो तेथे सर्व मिळून सुमारे सहा महिनेच राहिला.

तिसरे धर्मयुद्ध

जुलै, इ.स. ११९० मध्ये रिचर्ड व फिलिप वेझले येथून एकत्र निघाले. सिसिलीत त्यांचा हिवाळा गेला. तेथील मृत राजाची विधवा जोन ही रिचर्डची बहीण होती. तिचे स्त्रीधन अडवल्याच्या आणि स्थानिकांशी झालेल्या भांडणाच्या निमित्ताने रिचर्डने मेसिना शहर ताब्यात घेऊन लुटले. फिलिपची बहीण अ‍ॅलिस हिच्याशी त्याचा विवाह लहानपणीच ठरला होता. तो करार त्याने येथे मोडला व त्याबद्दल १०,००० मार्क देण्याचे कबूल केले. दोन्ही राजांमधील वैर तेव्हापासून मिटले नाही.

एप्रिल, इ.स. ११९१ मध्ये त्याचे आरमार वादळात सापडले आणि काही जहाजे सायप्रसच्या किनाऱ्याला लागली. तेथील शासक आयझॅक कोम्नेनोस याने खलाशांना व जोनच्या जहाजाला त्रास दिला, तेव्हा रिचर्डने एका महिन्यात संपूर्ण बेट जिंकले. आयझॅकला लोखंडी बेड्या घालू नयेत असे ठरले होते, म्हणून त्याला चांदीच्या बेड्या घातल्या, असे बखरकार सांगतात. १२ मे रोजी लिमासोल येथे रिचर्डचा विवाह नवारच्या राजकन्या बेरेंगारियाशी झाला. बेट पुढे त्याने टेम्पलरांना विकले व त्यांना ते सांभाळता न आल्याने इ.स. ११९२ मध्ये गी द ल्युसिन्याँ याच्याकडे गेले. मोहिमेचे सर्वांत टिकाऊ फळ हेच ठरले, कारण सायप्रसवरील लॅटिन सत्ता पुढे जवळजवळ चार शतके राहिली.

रिचर्ड ८ जून, इ.स. ११९१ रोजी अक्को येथे पोहोचला. त्या बंदराला ख्रिस्ती सैन्याने जवळजवळ दोन वर्षे वेढा घातला होता आणि सलाउद्दीनच्या फौजेने वेढा घालणाऱ्यांना बाहेरून घेरले होते. पोहोचताच रिचर्ड आजारी पडला. केस व नखे गळावीत असा तो आजार होता, तरी पालखीवजा शिबिकेतून तटाजवळ जाऊन तो क्रॉसबो चालवीत असे. १२ जुलैला शहर शरण आले. ऑस्ट्रियाचा ड्यूक पाचवा लिओपोल्ड याने आपले निशाण तटावर लावले, ते रिचर्डच्या माणसांनी खाली फेकले. लुटीतील वाट्याचा हा वाद होता. निशाण म्हणजे वाट्याचा दावा, असा त्या काळचा संकेत होता. या अपमानाची किंमत रिचर्डला पुढे मोजावी लागली. फिलिप तर त्याच महिन्याच्या अखेरीस मायदेशी निघून गेला.

शरणागतीच्या करारानुसार सलाउद्दीनने २,००,००० दिनार, ख्रिस्ती कैदी व पवित्र क्रूसाचा अवशेष द्यायचा होता. पहिला हप्ता देण्यावरून वाटाघाटी रेंगाळल्या. २० ऑगस्ट, इ.स. ११९१ रोजी रिचर्डने सुमारे २,७०० मुसलमान कैद्यांना शहराबाहेर आणून त्यांच्या सैन्याच्या डोळ्यांदेखत कापून काढले. सलाउद्दीन मुद्दाम वेळ काढत होता, कैद्यांना पोसणे व राखणे अशक्य होते आणि सैन्याला पुढे कूच करायचे होते, अशी कारणे त्याच्या बाजूने दिली जातात. कारणे खरी असली तरी ओलीस ठेवलेल्या निःशस्त्र माणसांची ती कत्तल होती आणि युद्धाच्या तत्कालीन रिवाजातही ती ठळकपणे नोंदली गेली. सलाउद्दीननेही त्यानंतर हाती आलेल्या कैद्यांना ठार केले.

दोन दिवसांनी सैन्य दक्षिणेकडे जाफाच्या दिशेने निघाले. ही कूच रिचर्डच्या सेनापतित्वाचा उत्कृष्ट नमुना मानली जाते. उजव्या हाताला समुद्र होता व आरमार रसद घेऊन समांतर चालले होते. घोडेस्वार मधोमध होते आणि जमिनीकडील बाजूस पायदळाची भिंत होती. पायदळाचे दोन भाग केले होते. एक भाग शत्रूकडील बाजू सांभाळी, तर दुसरा समुद्राच्या बाजूने ओझे वाहत विसावा घेई व पाळीपाळीने ते बदलत. ऑगस्टच्या उन्हात चाल सकाळीच उरकली जाई. राजाचे निशाण चाकांच्या गाडीवर उभारलेल्या उंच डोलकाठीवर होते. सलाउद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीन या चरित्रकाराने नोंदवले आहे की, या पायदळाच्या अंगात जाड नमदा व कडीदार चिलखते असल्यामुळे पाठीत अनेक बाण रुतलेले असतानाही माणसे रांग न मोडता चालत होती. त्या काळच्या साध्या शिपायाच्या वेशाबद्दल याहून चांगली साक्ष क्वचितच मिळते.

७ सप्टेंबरला अर्सूफजवळ सलाउद्दीनने निकराचा हल्ला केला. पिछाडीस असलेल्या हॉस्पिटलरांचे घोडे बाणांनी पडू लागले, तेव्हा इशाऱ्याची वाट न पाहता त्यांनी धाव घेतली. रिचर्डने त्या अवेळी झालेल्या धडकेला लगेच सर्व घोडदळाची जोड दिली व विजय मिळवला. पाठलागात सैन्य विस्कळीत होऊ दिले नाही, हे त्याचे विशेष.

जानेवारी आणि जून, इ.स. ११९२ मध्ये सैन्य दोनदा बेत नुबापर्यंत, म्हणजे जेरुसलेमपासून एका दिवसाच्या मजलेवर, गेले व दोनदा परतले. शहर घेता येईल, पण समुद्रापासून दूर असल्याने राखता येणार नाही, असा हिशेब त्यामागे होता. सामान्य यात्रेकरू सैनिकांना तो विश्वासघात वाटला. या दरम्यान सलाउद्दीनचा भाऊ अल-आदिल याच्याशी वाटाघाटी चालू होत्या. त्यात जोनचा विवाह अल-आदिलशी करून दोघांनी जेरुसलेमवर राज्य करावे, असाही एक प्रस्ताव पुढे आला होता. जुलैच्या अखेरीस सलाउद्दीनने जाफावर हल्ला केला. रिचर्ड मोजक्या गलबतांनिशी धावून गेला, कमरेएवढ्या पाण्यात उडी घेऊन १ ऑगस्टला किनाऱ्यावर उतरला आणि शहर परत घेतले. चार दिवसांनी पहाटे झालेल्या हल्ल्याच्या वेळी त्याच्याजवळ सुमारे ५४ नाइट होते व घोडे १५ सुद्धा नव्हते. भालेकऱ्यांनी गुडघे टेकून ढाली पुढे केल्या, भाल्यांची टोके घोड्यांच्या छातीवर रोखली आणि त्यांच्यामागे एकाने क्रॉसबो भरावा व दुसऱ्याने सोडावा अशा जोड्या उभ्या केल्या. घोडदळाच्या लाटा तेथे फुटल्या.

२ सप्टेंबर, इ.स. ११९२ रोजी तीन वर्षांचा तह झाला. किनारपट्टी जाफापर्यंत ख्रिस्ती राज्याकडे राहिली, अस्कलॉनची तटबंदी पाडायची ठरली आणि निःशस्त्र यात्रेकरूंना जेरुसलेमला जाण्याची मुभा मिळाली. रिचर्ड स्वतः तेथे गेला नाही. सलाउद्दीन आणि तो यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

वेश, शस्त्रे आणि चिन्हे

रिचर्डच्या सशस्त्र रूपाची विश्वसनीय समकालीन चित्रे म्हणजे त्याच्या दोन राजमुद्रा होत. फोंतव्रो येथील समाधीवरची प्रतिमा मुकुट व राजवस्त्रे ल्यालेली असून तिच्या अंगावर चिलखत नाही. पहिल्या मुद्रेवर (इ.स. ११८९) ढालीचा अर्धाच भाग दिसतो व त्यावर मागच्या पायांवर उभा असलेला एक सिंह आहे. तीन चालते सिंह दुसऱ्या मुद्रेवर प्रथम दिसतात. तिचा वापर कारकिर्दीच्या अखेरच्या काळातला आहे. म्हणजे अक्को, अर्सूफ व जाफा येथे लढणाऱ्या रिचर्डच्या ढालीवर तीन सिंह दाखवणे पुराव्याला धरून नाही. नव्या मुद्रेमागे कलादृष्टीपेक्षा खजिन्याची गरज अधिक होती, कारण जुन्या मुद्रेच्या सनदा लोकांना पुन्हा शुल्क भरून नव्या मुद्रेने पक्क्या करून घ्याव्या लागल्या. हेच तीन सिंह पुढे इंग्लंडचे राजचिन्ह झाले आणि भारतीय वाचकाला ते इंग्लंडच्या क्रिकेटपटूंच्या टोपीवर ओळखीचे आहेत.

क्रूसाचा रंग हाही असाच प्रश्न आहे. जिझोर येथे इ.स. ११८८ मध्ये ठरल्याप्रमाणे फ्रेंचांनी लाल, इंग्लंडच्या राजाच्या प्रजेने पांढरा व फ्लँडर्सच्या लोकांनी हिरवा क्रूस लावायचा होता. पांढऱ्यावर लाल क्रूस ही इंग्लिश सैनिकाची खूण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पहिल्या एडवर्डच्या काळात, आली. रिचर्डच्या शिपायांना ती चढवली की ते इतिहासदृष्ट्या फिलिपच्या छावणीत जाऊन उभे राहतात.

त्या पिढीच्या नाइटचे मुख्य संरक्षण कडीदार चिलखत हेच होते. मराठ्यांच्या शस्त्रागारांतून दिसणाऱ्या कड्यांच्या चिलखताशी त्याची जात मिळतीजुळती आहे. लोखंडी कड्या एकमेकींत ओवून त्यांची तोंडे खिळ्यांनी बंद केलेली असत. गुडघ्यापर्यंतच्या अशा अंगरख्याचे वजन साधारणपणे १० ते १५ किलो भरे. आत जाड शिवलेला गुदडीसारखा अंगरखा, डोक्याला कडीदार टोपरे व पायांना कडीदार मोजे असत. संपूर्ण शरीर झाकणारे पोलादी पत्र्यांचे चिलखत त्यानंतर सुमारे २०० वर्षांनी पूर्णत्वाला गेले. एका फ्रेंच दरबारी कवीने तरुण रिचर्डच्या एका द्वंद्वाचे वर्णन करताना कड्यांखाली लोखंडी पत्रा असल्याचे म्हटले आहे, परंतु तो छातीपुरता व आत झाकलेला असल्याने बाह्य रूपात फरक पडत नाही.

शिरस्त्राणातील बदल मात्र रिचर्डच्याच हयातीत घडला. पहिल्या मुद्रेवर नाकावर पट्टी असलेला जुन्या धर्तीचा टोप आहे. दुसऱ्या मुद्रेवर सपाट माथ्याचा, चेहरा झाकणारा व वर पंख्याच्या आकाराचा तुरा असलेला टोप आहे. सर्व बाजूंनी बंद, डब्यासारखे शिरस्त्राण इ.स. १२२० च्या सुमारास रूढ झाले, तर निमुळत्या माथ्याचे त्याच्याही नंतरचे. ढाल लांब, खाली निमुळती व वरून सपाट होत चाललेली होती. आखूड त्रिकोणी ढाल तेराव्या शतकातली. टाचेची आरी साध्या अणकुचीची होती. फिरत्या दातेरी चाकाची आरी नंतरची. दोन्ही मुद्रांवरील घोड्यांच्या अंगावर चिन्हांकित झूल नाही. सायप्रसमध्ये मिळालेला त्याचा नामांकित घोडा फॉव्हेल हा नावाप्रमाणे पिंगट रंगाचा होता.

थाटाची आवड मात्र रिचर्डला खरोखरच होती. आयझॅकच्या भेटीला जाताना त्याने गुलाबी रेशमी अंगरखा, चांदीच्या चंद्रकोरी भरलेले उपरणे व सोन्याच्या कशिद्याची लाल टोपी घातली होती आणि त्याच्या खोगिरावर सोन्याचे छोटे सिंह होते, असे मोहिमेच्या बखरीत तपशिलाने दिले आहे. आश्चर्य असे की इतके रंगीत वर्णन उपलब्ध असताना मूर्तिकारांनी ते क्वचितच वापरले.

लष्करी संन्यासी पंथांबाबत गोंधळ जास्त आहे. टेम्पलर नाइटच्या पांढऱ्या झग्यावर लाल क्रूस तिसऱ्या धर्मयुद्धाच्या आधीपासून होता, पण पांढरा झगा केवळ नाइटना मिळे. त्यांच्या साध्या स्वारांचा वेश काळा किंवा तपकिरी असे. हॉस्पिटलरांचा झगा काळा व त्यावरील क्रूस पांढरा होता. युद्धात लाल अंगरखा घालण्याची मुभा त्यांना पोपकडून इ.स. १२५९ मध्ये मिळाली, म्हणून अर्सूफच्या लढाईतील लाल वेशाचे हॉस्पिटलर ६८ वर्षे आधीच अवतरलेले असतात. ट्यूटॉनिक पंथ तर अक्कोच्या वेढ्यात एक रुग्णालय म्हणून जन्मला व इ.स. ११९८ मध्ये लष्करी पंथ झाला. रिचर्डच्या शेजारी काळ्या क्रूसाचा ट्यूटॉनिक नाइट ठेवण्यास आधार नाही. प्रतिपक्षाच्या हाती सरसकट वाकड्या तलवारी दिल्या जातात, परंतु सलाउद्दीनच्या काळी पश्चिम आशियातील तलवारी बहुधा सरळच होत्या.

कैद व सुटका

रिचर्ड ऑक्टोबर, इ.स. ११९२ मध्ये परत निघाला. फ्रान्सचा किनारा त्याला बंद होता. एड्रियाटिकच्या उत्तर किनाऱ्यावर जहाज फुटल्यावर तो वेषांतर करून जमिनीवरून निघाला आणि नाताळच्या थोडे आधी व्हिएन्नाजवळ लिओपोल्डच्या माणसांच्या हाती लागला. त्याला ड्युर्नस्टाइनच्या किल्ल्यात ठेवण्यात आले व नंतर सम्राट सहाव्या हेन्रीच्या हवाली करण्यात आले. धर्मयुद्धावरून परतणाऱ्याला पकडणे हा चर्चच्या दृष्टीने गुन्हा होता. तरीही खंडणी १,५०,००० मार्कांवर ठरली. ती उभी करण्यासाठी इंग्लंडमध्ये उत्पन्न व जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा, चर्चमधील सोन्याचांदीची भांडी आणि सिस्टर्शियन मठांची त्या वर्षीची सर्व लोकर घेण्यात आली. सत्तरीच्या आसपास असलेली एलिनोर स्वतः पैसा घेऊन जर्मनीत गेली. ४ फेब्रुवारी, इ.स. ११९४ रोजी रिचर्ड सुटला. ब्लाँडेल नावाच्या गायकाने किल्ल्याकिल्ल्यांखाली गाणे म्हणत त्याचा शोध लावला, ही कथा तेराव्या शतकातील असून तिला आधार नाही. लिओपोल्डने आपल्या वाट्यातून व्हिएन्नाचे तट वाढवले व व्हीनर नॉयश्टाट हे नवे नगर वसवले.

अखेरची वर्षे

इंग्लंडला परतल्यावर रिचर्डने जॉनच्या पक्षाकडील नॉटिंगहॅमचा किल्ला घेतला आणि मे, इ.स. ११९४ मध्ये तो नॉर्मंडीस गेला तो परत न येण्यासाठीच. तेथे त्याने जॉनला क्षमा केली. त्याच वर्षी त्याने वडिलांनी बंद ठेवलेल्या शस्त्रस्पर्धांना इंग्लंडमधील पाच ठिकाणी परवानगी दिली व त्यासाठी दर्जाप्रमाणे शुल्क लावले. अर्लला २० मार्क, बॅरनला १०, जमीनदार नाइटला ४ व भूमिहीन नाइटला २ मार्क द्यावे लागत. या स्पर्धा म्हणजे मैलोगणती पसरलेल्या मैदानात दोन टोळ्यांची झुंज असे. कठड्याच्या दोन बाजूंनी धावून येणारे दोन स्वार हे पंधराव्या शतकाचे दृश्य आहे.

उरलेली पाच वर्षे फिलिपने बळकावलेला प्रदेश परत मिळवण्यात गेली. इ.स. ११९६ ते ११९८ या काळात सीन नदीकाठी लेझांदली येथे त्याने शातो गायार हा किल्ला उभारला. त्यावर सुमारे १२,००० पौंड खर्च झाले. इतर कोणत्याही किल्ल्यावर त्याने एवढा पैसा ओतला नव्हता.

मार्च, इ.स. ११९९ मध्ये लिमोझ्याँ प्रांतातील शालू या लहानशा किल्ल्याला त्याने वेढा घातला होता. २६ मार्चच्या संध्याकाळी तो चिलखत न घालता, केवळ शिरस्त्राण व ढाल घेऊन पाहणीस गेला. तटावर एक माणूस स्वयंपाकाच्या तव्याची ढाल करून एकटाच क्रॉसबो चालवीत होता. त्याचा एक बाण रिचर्डच्या डाव्या खांद्यात घुसला. बाण काढताना जखम चिघळली आणि ६ एप्रिल रोजी त्याचा मृत्यू झाला. मरणापूर्वी त्याने त्या तिरंदाजाला क्षमा केली, परंतु नंतर त्याला क्रूरपणे मारण्यात आले, अशी परंपरा आहे. त्याला औरस संतती नव्हती. गादी जॉनकडे गेली. देह फोंतव्रो येथे वडिलांच्या पायाशी, हृदय रूआँच्या कॅथेड्रलमध्ये व आतडी शालू येथे पुरण्यात आली. हृदयाची शिशाची पेटी इ.स. १८३८ मध्ये सापडली. इ.स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत हृदयाच्या भुकटीत मर्टल, पुदिना, ऊद व पारा यांचे अंश आढळले.

प्रतिमा आणि मूर्तिका

रिचर्डचे काल्पनिक चित्रण त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकातच सुरू झाले. इंग्लंडमधील चर्टसी मठातील फरशांवर (आता ब्रिटिश म्युझियममध्ये) रिचर्ड भाल्याने सलाउद्दीनला घोड्यावरून पाडताना दाखवला आहे. चौदाव्या शतकातील लट्रेल स्तोत्रसंहितेतही तीच झुंज रंगवलेली आहे. न घडलेली ही झुंज पुढे खेळण्यांच्या पेटीत जोडीने विकली गेली. सोळाव्या शतकात रॉबिन हूडच्या कथा त्याच्या काळाशी जोडल्या गेल्या. सर वॉल्टर स्कॉटच्या आयव्हॅन्हो आणि द टॅलिस्मन (इ.स. १८२५) या कादंबऱ्यांनी त्याला उदार, रांगडा नायक बनवले. मारोकेत्तीने केलेला त्याचा अश्वारूढ पुतळा इ.स. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मातीच्या रूपात मांडला गेला व ब्राँझमध्ये वेस्टमिन्स्टर येथे इ.स. १८६० मध्ये उभारला गेला. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात त्याची उंचावलेली तलवार वाकली होती.

मूर्तिकारांनी प्रेरणा घेतली ती प्रामुख्याने याच कादंबऱ्यांतून, पुतळ्यातून आणि पुढे चित्रपटांतून. न्यूरेंबर्गच्या चपट्या कथिली शिपायांची परंपरा जुनी होती. इ.स. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन याने लंडनमध्ये पोकळ शिसे ओतण्याची पद्धत काढली व मूर्तिका स्वस्त झाल्या. त्यांची ५४ मिलिमीटर ही उंची पुढे प्रमाण मानली गेली. या मापात, म्हणजे सुमारे १:३२ प्रमाणात, १० मिलिमीटर व्यासाची चिलखताची कडी ०.३ मिलिमीटरची होते. ती कोरणे साच्याला झेपत नाही, म्हणून कड्यांऐवजी अर्धचंद्राकार रेघांच्या ओळी किंवा नुसता खरबरीतपणा दाखवून वर चंदेरी रंग देतात. ही तडजोड क्षम्य आहे. ढालीवरचे तीन सिंह किंवा हॉस्पिटलरचा लाल अंगरखा ही तडजोड नव्हे, कारण योग्य रंग लावण्यास तितकाच रंग लागतो. जवळच्या काळात शस्त्रेतिहासाचा अभ्यास करून घडवलेल्या संग्राह्य मूर्तिकांत कडीदार चिलखत, नाकपट्टीचा टोप आणि लांब ढाल दिसू लागली आहे. पायदळातील नमद्याच्या अंगरख्याचा, पाठीत बाण रुतलेला शिपाई मात्र त्या संचांतही विरळाच आढळतो.